ब्रह्मकमळाच्या माहेरी

आमच्या डोंबिवलीच्या घराची गॅलरी सहा फूट बाय तीन फूट. धुण्याचं यंत्र, दोन मोडक्या छत्र्या, एक तुळस आणि ब्रह्मकमळाची कुंडी, एवढा संसार तीत गेली कित्येक वर्षं सुखानं नांदतो आहे. कुंडी आईची. वाईच्या तिच्या मैत्रिणीकडून तिनं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि मातीत खोचलं, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पानाला कुठं झाड फुटतं? पण ह्या पानाला फुटलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात फूलही आलं.

ज्यांच्या घरी ब्रह्मकमळ आहे त्यांना त्या रात्रीची गडबड सांगायला नको. संध्याकाळी आई गॅलरीतून आत यायची आणि बाळंतिणीची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणायची, ‘‘आज उमलणार बरं का!’’ की झालं! सौ. दूध जास्त आणायची. शेजारीपाजारी निरोप जायचे. रात्री नऊ-साडेनवाला दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. कळी हळूहळू उघडायची, घरभर वास दरवळायचा, बायका फुलाला हळदकुंकू वाहायच्या, हात जोडायच्या, मग मसाला दूध. पहाटे उठून पाहावं तर फूल मान टाकून लोंबत असायचं.

२०१७ सालच्या जुलैमध्ये अशाच एका रात्री मी घोटाळा केला. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. निवृत्त माणसाला काहीतरी व्यसन लागतंच. मला झाडाफुलांचं लागलं. दर रविवारी एका मंडळींबरोबर रानोमाळ हिंडायचं, फुलं ओळखायची, वहीत टिपणं करायची. नव्यानं शिकलेल्या माणसाला आपलं ज्ञान कुणालातरी पाजल्याशिवाय चैन पडत नाही. खोलीत पंधरा-वीस माणसं जमलेली पाहून मला राहवलं नाही.

‘‘मंडळी, एक गंमत सांगतो,’’ मी म्हणालो. ‘‘हे कमळ नव्हे, आणि ब्रह्मदेवाचा नि ह्याचा काडीइतका संबंध नाही. हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. ही पानंसुद्धा पानं नव्हेत, चपटी खोडं आहेत. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं. ते निराळंच.’’

कुणीतरी ‘‘अगंबाई!’’ म्हणालं. कुणीतरी हसलं. आईच्या हातात हळदकुंकवाची कोयरी होती. ती तिनं हळूच टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली. त्या रात्री फुलाला कुंकू लागलं नाही.

माझं म्हणणं खोटं नव्हतं. शास्त्रात ज्याला ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’ म्हणतात तेच हे निवडुंग. मूळ गाव मेक्सिको ते ग्वाटेमालाचा मुलूख. तिथं ते जंगलात झाडांच्या खोडांवर वाढतं. पण खरं बोलण्याचीही एक वेळ असते, हे साठी उलटली तरी मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, ‘‘खरं ब्रह्मकमळ तू पाहिलं आहेस?’’

‘‘नाही. पुस्तकात पाहिलंय.’’

‘‘मग हे खोटं नि ते खरं, हे तुला रे काय ठाऊक?’’

ह्याला उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘‘माझे गुडघे आता हिमालयात नेणार नाहीत. तू जाऊन ये. आणि नीट बघून ये.’’ आईचं वय तेव्हा एक्याऐंशी.

अशा रीतीनं २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी हिमालयात निघालो. बरोबर रविवारच्या मंडळींतले तिघे होते. सामानात गरम कपडे होते, औषधं होती, आणि सगळ्यांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेली एक खुरपी होती. ही खुरपी मी सौ.लाही दाखवली नव्हती.

जाण्यापूर्वी मी पुस्तकातून ओळखीच्या खुणा पाठ केल्या होत्या. त्या सांगायच्या तर आधी झेंडूकडे वळायला हवं. दसरा-दिवाळीला दाराला बांधता त्या तोरणातला एक झेंडू घ्या आणि मधोमध फाडा. आपण जिला पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी काळ्या काडीसारखं एक बी लागलेलं दिसेल. म्हणजे ती नुसती पाकळी नव्हे, ते एक अख्खं फूल! झेंडूचं एक फूल म्हणजे शेकडो फुलांचं एकत्र कुटुंब. सूर्यफूल, शेवंती, डेझी, आपल्या कासच्या पठारावरची सोनकी ही सगळी ह्याच कुळातली. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, खरं ब्रह्मकमळसुद्धा ह्याच कुळातलं आहे. कमळाशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते तोरणातल्या झेंडूशी.

त्याचं शास्त्रीय नाव ‘सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा’. पहिला शब्द सोस्यूर ह्या स्विस घराण्यावरून आला. त्यातला बाप १७८७ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर चढला होता आणि मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘तटानं वेढलेली’. हा तट म्हणजे काय, ते पुढं येईलच.

प्रवासाचं वर्णन करून वाचकांना दमवत नाही. हरिद्वारहून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर, सगळा रस्ता अलकनंदेच्या नाहीतर गंगेच्या सोबतीनं, आणि जागोजागी दरडी. जोशीमठच्या पुढं गोविंदघाट, तिथून पुलना, आणि पुलन्यापासून दहाएक किलोमीटरची चढण चढून घांघरिया. २०१३ च्या जूनमधल्या प्रलयानं ही वाट आणि भ्यूंडार गाव उद्ध्वस्त केलं होतं. नदीकाठी त्याच्या खुणा आम्हांला दिसत होत्या. घांघरियाची उंची तीन हजार मीटरांच्या थोडी वर. आमचा वाटाड्या त्याच खोऱ्यातला, साठीचा, सडसडीत. सगळे त्याला ‘भैजी’ म्हणत. गढवालीत भैजी म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही तेच म्हणू लागलो.

पहिला दिवस ‘फुलांच्या दरी’चा. १९३१ साली कामेट शिखर जिंकून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती ह्या भ्यूंडार खोऱ्यात उतरले आणि फुलं पाहून थक्क झाले. स्माइथ १९३७ साली पुन्हा आला, इथं राहिला, आणि पुढच्या वर्षी त्यानं ह्या दरीवर पुस्तक लिहिलं. ते वाचून जगानं ही दरी ओळखली. जोन मार्गारेट लेग ही बाई फुलांचे नमुने गोळा करायला १९३९ मध्ये इथं आली आणि कड्यावरून घसरून मरण पावली. तिची समाधी दरीतच आहे. १९८२ साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आम्ही गेलो तेव्हा दरी गुलाबी झाली होती. माणसाच्या छातीला लागेल एवढा तेरडा! होय, तेरडाच, गौरीला आपण आणतो त्याचा हिमालयातला दांडगा भाऊ. त्यात निळी, जांभळी, पिवळी फुलं मिसळलेली. एका ओढ्याकाठी सूर्यफुलासारखं मोठं पिवळं फूल दिसलं. आमच्यातला एकजण ‘‘सापडलं!’’ म्हणून ओरडला. ते कूळ बरोबर होतं, पण फूल निराळं. भैजी हसून म्हणाला, ‘‘ती इथं खाली नाही भेटायची. तिला भेटायचं तर झाडं संपतात त्याच्या पुष्कळ वर जावं लागतं.’’

तो ब्रह्मकमळाला ‘ती’ म्हणत होता, हे मला तेव्हाच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंडची चढण सुरू केली. अंतर सहाच किलोमीटर, पण उंची हजार मीटरांहून अधिक चढायची. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात तेवढ्या उंचीवर ते सरोवर आहे. गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी इथं तप केलं अशी शिखांची श्रद्धा, म्हणून काठावर गुरुद्वारा; आणि शेजारीच लक्ष्मणाचं देऊळ. हजारो यात्रेकरू ‘वाहे गुरू’ म्हणत चढत होते. पंजाबातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला धापा टाकताना पाहिलं, न बोलता मुठीत खडीसाखर ठेवली आणि ती पुढं निघून गेली.

भूर्जवृक्ष संपले. मग झुडपं संपली. नुसतं गवत, दगड आणि धुकं उरलं. एका वळणावर भैजी थांबला आणि काठीनं त्यानं वर दाखवलं.

वीसएक हातांवर, खडकाच्या बेचक्यात, धुक्यात दिवे लावावेत तशी पाच-सहा फिकट पिवळी फुलं उभी होती.

मी चढून जवळ गेलो आणि गवतात बसलोच. झाड हातभरसुद्धा उंच नाही. खाली लांबट, दातेरी कडेची पानं. मधून एक जाड दांडा. आणि दांड्याच्या टोकाला पातळ कागदासारख्या पानांची गोल ओंजळ. रंग धड पांढरा नाही, धड पिवळा नाही, धड हिरवा नाही. ह्या पाकळ्या नव्हेत. दांड्यावरची वरची पानंच पातळ होऊन अशी वाकलेली असतात, आणि हाच तो ‘तट’. मी वाकून ओंजळीत पाहिलं. आत गडद जांभळ्या रंगाची बोंडं दाटीनं बसली होती. एकेक बोंड म्हणजे एकेक झेंडू समजा. त्यात पुन्हा अनेक बारीक फुलं. वास मात्र चांगलाच उग्र, डोक्यात जाणारा. आमच्या गॅलरीतल्या सुगंधाशी त्याचं काही जमणार नाही.

त्या तटाचं काम काय? आपल्या आकाशकंदिलासारखं. कागद उजेड आत घेतो, पण वारा आत येऊ देत नाही. बाहेर बर्फाळ वारं सुटलेलं असताना ह्या पानांच्या आत थोडी ऊब साठून राहते, पावसाचा मारा आतल्या बोंडांपर्यंत पोचत नाही. एवढ्या उंचीवर उन्हाळा म्हणजे जेमतेम तीन-चार महिने. तेवढ्यात फुलायचं, बी धरायचं, आणि पुन्हा बर्फाखाली जायचं, म्हणून ही सगळी व्यवस्था. दिवाळीला आपण दारात टांगतो तो कंदील ह्या रोपट्यानं फार पूर्वीच करून ठेवला आहे.

आणि ते ‘एका रात्रीत उमलून पहाटे मिटतं’, हे वर्णन ह्या फुलाला लागू नाही. ते आपल्या निवडुंगाचं. नाव एक झाल्यामुळं गुण उसने दिले गेले. हे फूल भर दिवसा उभं असतं आणि दिवसचे दिवस टिकतं. जुलै ते सप्टेंबर केव्हाही जा, भेटेल.

मागून सांगलीकडचं एक कुटुंब चढत आलं. मराठी बोलणं कानी पडलं म्हणून मी हौसेनं त्यांना बोलावलं. ‘‘या, या! हे खरं ब्रह्मकमळ!’’

बाईंनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हे? अहो, हा तर कोबी दिसतोय!’’

मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी आईची आठवण झाली. तिला मी काय सांगणार होतो? ‘तुझं सुंदर फूल खोटं, आणि खरं आहे ते कोबीसारखं’? दोन हजार किलोमीटर येऊन एवढंच घेऊन जायचं?

मंडळी पुढं गेली. मी मुद्दाम मागं राहिलो. वाटेच्या कडेची माती खचली होती आणि तिथं एक रोप अर्धवट उघडं पडलं होतं. फूल नव्हतं, नुसता पानांचा झुबका. खाली अंगठ्याएवढं जाड मूळ, त्यावर मागच्या वर्षांच्या पानांच्या देठांचे काळपट धागे केसांसारखे गुंडाळलेले. दरवर्षी वरचं सगळं वाळून जातं आणि हे मूळ बर्फाखाली जिवंत राहतं. पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा कोंब. मी स्वतःला समजावलं, असंही हे पुढच्या पावसात खाली जाणारच. आईसाठी एक रोप. एवढ्या मोठ्या हिमालयाला एका रोपानं काय होणार आहे?

मी टॉवेल सोडला, खुरपी काढली आणि मान वर केली तो भैजी समोर उभा.

तो रागावेल असं वाटलं. वनखात्याचे फलक वाटेत जागोजागी होते, ते मीही वाचले होते. पण तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि मुळाकडे बघत म्हणाला, ‘‘तुमच्या गावी बर्फ पडतं का, बाबूजी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ही झोपणार कुठं?’’

त्याच्या हिंदीत ते शब्द इतके साधे होते की मला उत्तरच सुचेना. तो पुढं म्हणाला, ‘‘सहा महिने ती बर्फाची रजई पांघरून झोपते, तेव्हा कुठं उठून फुलते. तुम्ही तिला तुमच्या गरम गावी न्याल. बिचारी जागून जागून मरेल.’’

आम्ही दोघांनी मिळून मूळ पुन्हा मातीत दाबलं, वर दगडांचा आधार लावला. खुरपी अखेर त्याच कामी आली. माझ्या तोंडून मग सगळी हकीकत बाहेर पडली: आई, ती रात्र, टेबलावर ठेवलेली कोयरी. भैजीनं निमूटपणे ऐकलं.

उतरताना त्यानं नंदेची गोष्ट सांगितली. गढवाल-कुमाऊंची नंदादेवी ही ह्या लोकांची नुसती देवी नव्हे, ती त्यांची सासरी दिलेली लेक. सासर शंकराचं, म्हणजे बर्फात. भाद्रपद शुद्ध अष्टमीला नंदाष्टमी. त्या दिवसासाठी गावातले नेमलेले लोक उपास करून, अनवाणी वर जातात आणि ब्रह्मकमळं घेऊन येतात. लेकीला ती वाहायची, मग प्रसाद म्हणून घरोघर वाटायची. त्याआधी फुलाला हात लावायचा नाही, असा जुन्या माणसांचा दंडक.

मी हिशेब केला आणि चकित झालो. भाद्रपद शुद्ध अष्टमी म्हणजे आपल्याकडे ज्येष्ठागौरींचे दिवस! तिकडे तेरडा आणि शेपूची भाजी, इकडे ब्रह्मकमळ. आणि दोन्हीकडे निमित्त एकच, लेक माहेरी आली आहे.

त्या दंडकामागं शहाणपण आहे. ब्रह्मकमळ फुलतं जुलै-ऑगस्टमध्ये आणि बी पिकतं सप्टेंबरच्या सुमारास. फूल आधीच तोडलं तर त्या वर्षीची सगळी संतती पोटातच मेली. अलीकडे यात्रेकरूंची गर्दी वाढली, देवळांत वाहायला नि घरी न्यायला फुलं वेळेआधी तोडली जाऊ लागली, आणि वाटेलगतच्या कड्यांवरून ब्रह्मकमळ मागं सरत चाललं. फूल तोडणाऱ्या दर माणसाच्या मनात तोच विचार असतो जो माझ्या मनात खुरपी काढताना होता: माझ्या एकट्यानं काय होणार आहे?

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. कोबीचं सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. खुरपीचं सांगितलं, तेव्हा गप्प झाली. नंदेचं सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. ‘‘म्हणजे तीही माहेरवाशीणच म्हणायची,’’ ती म्हणाली. फोटो तिनं भिंग लावून पाहिले. निवाडा मात्र काहीच दिला नाही.

ऑक्टोबरात टपालानं एक खोका आला. आत वर्तमानपत्राच्या चार घड्यांत एक वाळलेलं ब्रह्मकमळ होतं, आणि मुलाच्या हातून लिहवून घेतलेली दोन ओळींची चिठ्ठी: ‘नंदाष्टमीचा प्रसाद. माताजींसाठी.’ भैजीला पत्ता मी दिला होता, पण तो एवढं करील असं वाटलं नव्हतं. आईनं फूल देवापुढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचलताना एका बोंडातून पांढरा कापूस सुटला आणि खोलीभर तरंगू लागला.

‘‘अरे, ही तर म्हातारी!’’ आई म्हणाली. लहानपणी फुंकर मारून आपण उडवतो ती म्हातारी. झेंडूच्या ह्या कुळातल्या पुष्कळ झाडांचं बी असंच पांढऱ्या केसांच्या छत्रीखाली वाऱ्यावर निघतं. ‘‘म्हणजे ह्यात बी आहे! लाव की!’’

मी तिला सांगितलं की हे इथं जगणार नाही. ती म्हणाली, ‘‘तुला रे काय ठाऊक?’’ हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. सगळं मिळून सदतीस बिया निघाल्या. नखानं दाबून पाहिल्या तर बहुतेक पोकळ. भरीव म्हणाव्यात अशा नऊ. त्या ओल्या रेतीत मिसळून डबीत घातल्या आणि डबी फ्रिजमध्ये, म्हणजे आमच्या घरच्या हिमालयात ठेवली. थंडीचा काळ मिळाल्यावर बियांना जाग चांगली येते, असा डोंगरी बियांच्या बाबतीत बागवानांचा अनुभव आहे. दोन महिने ती डबी कोथिंबिरीच्या शेजारी राहिली. सौ.नं एकदा ती मोहरीची म्हणून उघडली आणि मग जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस रेती, पानांचं खत आणि विटेचा चुरा घालून पसरट कुंडी केली. पाणी तुंबू नये ही खबरदारी. उत्तरेच्या खिडकीत ती ठेवली, आणि अठराव्या दिवशी आईची हाक आली. तीन कोंब! दोन-दोन पानांचे, मेथीच्या दाण्याएवढे. आई रोज सकाळी अंघोळ झाली की आधी देवाला आणि मग ह्या तिघांना नमस्कार करायची. मीही रात्री कुंडीभोवती बर्फाचे खडे मांडत होतो, हे कबूल करतो.

जानेवारीत एक कोंब बुडाशी कुजून आडवा झाला. फेब्रुवारीत डोंबिवलीची हवा तापू लागली आणि दुसरा गेला. तिसऱ्याला चार पानं आली होती, चौथ्याच्या कडेला दातेसुद्धा दिसू लागले होते. होळीच्या आठवड्यात दोन दिवस उकाडा झाला आणि तोही मावळला.

मला वाटलं, आईला लागेल. ती कुंडीतली माती हातानं सारखी करीत म्हणाली, ‘‘भैजी म्हणाले तेच खरं. पोरीला झोपच मिळाली नाही.’’ आणि थोड्या वेळानं, गॅलरीकडे पाहत: ‘‘ही आपली बघ. सात समुद्रांपलीकडून आली, आणि नांदली. सगळ्यांनाच सासर मानवतं असं नाही. काहींना माहेरीच राहू द्यावं.’’

एवढ्या वर्षांच्या रविवारच्या भटकंतीत झाडं लावण्याबद्दल ह्याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. ब्रह्मकमळ लावता येत नाही असं नव्हे. ते जिथलं आहे तिथं लावता येतं. गढवाल विद्यापीठाचं उंचावरच्या वनस्पतींचं संशोधन केंद्र आहे, त्याची तुंगनाथच्या उंचीवर प्रयोगभूमी आहे, आणि अशा डोंगरी वनस्पतींची लागवड तिथं अभ्यासली जाते. केदारनाथला प्रलयानंतर पोलिसांनी ‘ब्रह्मवाटिका’ करून ब्रह्मकमळं लावली. ह्याच फुलाचं एक सख्खं भावंड म्हणजे कोष्ठ, गांध्याच्या दुकानात उपलेट म्हणून मिळतं ते मूळ. खणून खणून रानातून ते इतकं कमी झालं की १९८५ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार कडक निर्बंधांखाली आला. पण लाहौलच्या थंड खोऱ्यात शेतकरी शंभरएक वर्षांपासून त्याचं पीक घेत आले आहेत. ब्रह्मकमळ उत्तराखंडचं राज्यफूल आहे, १९८२ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. पण त्याला खरी गरज आहे ती बी पिकेपर्यंत न तोडणाऱ्या हातांची.

ज्यांना गॅलरीतलं ब्रह्मकमळ हवं आहे त्यांच्यासाठी आईची कृती देतो. जुनं, भरदार पान, म्हणजे खरं तर खोडच, वीतभर कापावं. कापलेली बाजू तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी. मग रेती मिसळलेल्या भुसभुशीत मातीत दोन बोटं खोल खोचावं. सकाळचं कोवळं ऊन द्यावं, दुपारचं नाही. माती सुकली की पाणी. दोन-तीन वर्षं धीर धरावा, आणि फुलाच्या रात्री कुणी शास्त्र सांगू लागलं तर त्याच्या हातात दुधाचा पेला द्यावा.

२०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा कळी आली. ह्या वेळी निरोप द्यायला मी स्वतः घरोघर गेलो. रात्री खोली भरली. फूल उमललं. मी कोयरी आणून आईच्या हातात दिली. तिनं फुलाला हळदकुंकू वाहिलं आणि मग जमलेल्यांकडे वळून म्हणाली, ‘‘ही आपल्याकडची. हिचं माहेर मेक्सिकोला. आणि हिचं नाव जिच्यावरून ठेवलंय, ती हिमालयात असते, बर्फात झोपते. आमचा मुलगा तिला भेटून आलाय. त्यानं तिला हात नाही लावला.’’

शेवटचं वाक्य खरं म्हणजे पुरतं खरं नव्हतं. पण ते तिनं ज्या अभिमानानं सांगितलं, तो मोडायची चूक मी दुसऱ्यांदा केली नाही.

आई २०२१ साली गेली. कुंडी अजून गॅलरीत आहे. तिची पानं कापून इमारतीतल्या सात घरांत मी दिली आहेत, आणि देताना प्रत्येक घरी दोन्ही माहेरांची गोष्ट सांगितली आहे. खुरपी मात्र मी परत आणलीच नाही. हेमकुंडच्या वाटेवरून उतरताना ती भैजीला दिली. खचलेल्या कडांवर दगड लावायला त्याला ती उपयोगी पडते, असं त्याच्या मुलानं मध्यंतरी कळवलं होतं.